पहिला ठसा : डिझायनरसाठी लेटरप्रेसची वाट

स्क्रीनवर बरीच वर्षं काम केल्यावर मी पहिल्यांदा खिळे (छपाईची धातूची सुटी अक्षरं) जुळवायला उभी राहिले, तेव्हा एका गोष्टीने मला थांबवलं. दोन ओळींमधली मोकळी जागा हातात धरता येत होती. ती शिशाची पट्टी होती. तिला जाडी होती, वजन होतं, आणि ती उचलून ठेवली नाही तर तिथे जागा उरतच नव्हती. आपण दिवसभर ‘लीडिंग’ हा शब्द वापरतो, तो या शिशावरूनच आला. शब्दांमधलं अंतर, ओळीच्या शेवटचं कोरं, चारी बाजूंचा समास, प्रत्येक ठिकाणी कुणीतरी धातूचा किंवा लाकडाचा तुकडा बसवलेला असतो. कोऱ्या जागेला सुद्धा माणसाचा हात लागलेला असतो, हे एकदा अंगात मुरलं की स्क्रीनवर परतल्यावरही नजर बदललेली राहते. डिझायनर या जुन्या यंत्रांकडे पुन्हा पुन्हा का वळतात, याचं माझं उत्तर हेच आहे. कागदात उमटलेला खोल ठसा सुंदर असतो, पण तो वरवरचा भाग झाला.

हा लेख शून्यापासून सुरू करणाऱ्यांसाठी आहे. शेवटी तुमच्या हातात एका रंगातलं, तुम्ही स्वतः छापलेलं एक कार्ड असावं, इतकंच उद्दिष्ट ठेवलं आहे. मी ज्या ज्या ठिकाणी अडले, ती ठिकाणं मुद्दाम सविस्तर लिहिली आहेत.

१. आधी बघायला शिका

यंत्राला हात लावायच्या आधी छापलेले नमुने गोळा करा आणि दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली धरा. लेटरप्रेसमध्ये उठावाच्या पृष्ठभागावर शाई लागते आणि तो पृष्ठभाग कागदावर दाबला जातो. त्या दाबाने शाई थोडी कडेकडे सरकते, त्यामुळे अक्षराच्या काठाशी शाईची बारीक गडद किनार दिसते आणि आतला भाग किंचित फिका असतो. ऑफसेटमध्ये, म्हणजे आजच्या नेहमीच्या सपाट प्लेटच्या छपाईत, ही किनार दिसत नाही. मग कागद दिव्याखाली तिरका धरा, ठशाची सावली बघा, आणि उलटून मागच्या बाजूवरून बोट फिरवा. काही आठवडे हे केलंत की कोणता नमुना कसा छापलाय, हे भिंगाशिवायही कळू लागतं.

संधी मिळाली तर संग्रहालयं जरूर बघा. बेल्जियममधल्या अँटवर्पचं प्लांटिन-मोरेटुस संग्रहालय म्हणजे एकेकाळचा चालता छापखाना आणि घर. तिथे १६०० च्या सुमाराचे, जगातले सर्वांत जुने टिकून राहिलेले छापयंत्र उभे आहेत, आणि २००५ पासून ती जागा जागतिक वारसा यादीत आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या टू रिव्हर्सला हॅमिल्टन वुड टाइप संग्रहालय आहे, लाकडी खिळ्यांसाठी ते बघावं. गुटेनबर्गने पंधराव्या शतकाच्या मध्यात सुट्या खिळ्यांवर छपाई केली, तेव्हापासून आजपर्यंत मूळ कृती फारशी बदललेली नाही. म्हणूनच अशा जागी उभं राहिल्यावर समोरची अवजारं आपल्याला ओळखीची वाटतात.

२. यंत्र विकत घेऊ नका, शिकवणारा शोधा

नव्या माणसाची पहिली चूक हीच असते. सुंदर जुनं यंत्र दिसतं, मन जडतं, आणि शेकडो किलोचं लोखंड घरात येऊन पडतं. रोलर कडक झालेले असतात, एखादा भाग गायब असतो, आणि चालवायचं कसं ते माहीत नसतं. आधी चालू छापखान्यात किंवा कार्यशाळेत काही दिवस काढा. म्हातारा जुळारी (खिळे जुळवणारा कारागीर) भेटला तर त्याच्याजवळ बसा. तो बोलून कमी सांगेल, पण त्याचे हात बघत राहा.

यंत्रांचे ढोबळमानाने तीन प्रकार तुम्हाला भेटतील. पहिला, प्लेटन: दोन सपाट पृष्ठभाग शिंपल्यासारखे मिटतात. पायाने चालवायचं ट्रेडल मशीन याच जातीचं. अमेरिकन चँडलर अँड प्राइस हे त्यातलं प्रसिद्ध नाव. हायडेलबर्गचं स्वयंचलित प्लेटनही याच जातीचं, फक्त ते स्वतःच्या फिरत्या हातांनी कागद उचलतं, म्हणून त्याला ‘विंडमिल’ म्हणतात. दुसरा, सिलिंडर प्रूफ प्रेस: फर्मा (चौकटीत कसलेली छापायची जुळणी) सपाट असतो आणि कागद गुंडाळलेला सिलिंडर त्याच्यावरून फिरतो. व्हँडरकुक हे यातलं डिझायनरांचं लाडकं नाव. मूळ काम प्रुफं काढण्याचं, पण पोस्टर आणि मोठे कागद यावर उत्तम निघतात. तिसरा, टेबलावर ठेवायचं हाताच्या दांड्याचं छोटं यंत्र, उदाहरणार्थ ब्रिटिश अडाना. कार्डापुरतं ते पुरेसं आहे, पण खोल ठसा आणि मोठा ठोकळा त्याच्या ताकदीबाहेरचा असतो.

शिकण्यासाठी मी प्रूफ प्रेस सुचवेन. तिच्यावर प्रत्येक कागदाला वेळ देता येतो आणि बोटांना धोकाही कमी.

पुढे कधी यंत्र घ्यायचंच झालं तर आधी ओतीव लोखंडात तडा किंवा वेल्डिंगची खूण आहे का ते बघा. रोलर आणि चेस (फर्मा कसायची चौकट) सोबत मिळतायत ना, हे विचारा. मग चाक हाताने पूर्ण फिरवून कुठे अडतंय का ते अजमावा. रोलर नवे करून मिळतात. तडकलेला सांगाडा मात्र दुरुस्त करून भरवशाचा होत नाही.

३. जवळ काय काय लागेल

खिळ्यांनी जुळवणार असाल तर:
– एका आकाराच्या एका टाइपाची भरलेली केस (खिळ्यांचा खणांचा ट्रे)
– स्टिक (ओळ जुळवायचा हातात धरायचा साचा), गॅली (जुळणी ठेवायचा ट्रे), बांधायला दोरा, चिमटा
– लेड (ओळींमधल्या शिशाच्या पट्ट्या), स्पेस आणि क्वॉड (ओळीतल्या कोऱ्या जागेचे बारीक-मोठे तुकडे)

खिळे आणि पॉलिमर प्लेट (पुढे येईल), दोन्ही पद्धतींना लागणारं:
– चेस, लाकडी किंवा धातूचं फर्निचर (मोकळी जागा भरायचे ठोकळे), रेग्लेट (पातळ पट्ट्या), क्वॉइन (फर्मा आवळायच्या पाचरी) आणि त्यांची चावी
– सपाट प्लेनर ठोकळा आणि लाकडी हातोडा
– पायका मापाची पट्टी, भिंग, रोलरची उंची तपासायचा गेज
– टिंपनचा कागद (छापायच्या कागदामागे ताणून लावायचा), प्रेसबोर्ड (कडक गुळगुळीत पुठ्ठा), वेगवेगळ्या जाडीचे साधे कागद, टिश्यू
– शाई, शाईची सुरी, काच किंवा गुळगुळीत फरशीचा तुकडा
– धुण्यासाठी रॉकेल किंवा मिनरल स्पिरिट, सुती चिंध्या, हातमोजे, झाकणाचा लोखंडी डबा

त्या शेवटच्या डब्याला किरकोळ समजू नका. जवसाच्या तेलासारख्या वाळणाऱ्या तेलाची शाई लागलेल्या चिंध्या ढिगाने पडून राहिल्या तर आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात.

४. मापं पाठ करा

१२ पॉइंटचा १ पायका. ६ पायका मिळून जवळपास १ इंच, खरं तर इंचाला केसभर कमी. संगणकाने हा फरक मोडून ७२ पॉइंटचा नेमका इंच केला. त्यामुळे संगणकावरचा आराखडा आणि धातूची जुळणी शेजारी ठेवली की लांब ओळीत थोडा फरक दिसतो. घाबरू नका, तो तुमच्या हातचा दोष नाही.

दुसरं माप जास्त महत्त्वाचं: टाइप-हाय, म्हणजे पायापासून छापणाऱ्या पृष्ठभागापर्यंतची उंची. इंग्रजी-अमेरिकन पद्धतीत ती ०.९१८ इंच, सुमारे २३.३ मिलिमीटर. युरोप खंडात काही ठिकाणी वेगळी उंची चालत होती, म्हणून अनोळखी ठिकाणचे खिळे आणलेत तर आधी मोजा. फर्म्यातली छापायची प्रत्येक वस्तू, खिळा असो, ब्लॉक असो की बेसवर चिकटवलेली प्लेट, याच उंचीला यावी लागते. एखादा लाकडी ब्लॉक बुटका असेल तर त्याच्याखाली कागद चिकटवून उंची भरून काढतात.

५. खिळे जुळवणं

पहिल्या कामासाठी तीन ते पाच ओळी घ्या, त्याहून जास्त नको. तुम्हाला आवडणारं एखादं वाक्य, नाहीतर तुमचं नाव आणि काम.

स्टिक डाव्या हातात धरायची, तळहातावर थोडी तिरकी. तिचं माप ओळीच्या रुंदीला पक्कं करायचं. उजव्या हाताने केसमधल्या खणातून खिळा उचलायचा. खिळ्याच्या अंगावर एका बाजूला खाच असते, ती ‘निक’. निक वरच्या, उघड्या बाजूला ठेवून खिळे डावीकडून उजवीकडे लावत जायचे. अक्षरं डोक्यावर उभी आणि आरशातल्यासारखी उलटी दिसतात, पण क्रम आपल्या वाचण्याचाच राहतो. शेवटच्या खिळ्यावर डावा अंगठा सतत टेकलेला हवा, नाहीतर ओळ आडवी होते. बोटांना निक चाचपडायची सवय लागली की न बघताही कळतं की खिळा उलटा आलाय. रोमन लिपीत ‘बी, डी, पी, क्यू’ ही चार छोटी अक्षरं हमखास फसवतात. त्यांच्या खणांवर पहिल्या दिवशी खूण करून ठेवली तरी कुणी हसत नाही.

आता जागेचं गणित. टाइपाच्या आकाराएवढा चौकोन म्हणजे एम क्वॉड, त्याचा अर्धा एन. एमचे तीन भाग केले की त्यातला एक शब्दांमधली नेहमीची स्पेस. १२ पॉइंटच्या टाइपात ती ४ पॉइंट भरते. चौथ्या भागाची ३ पॉइंट आणि पाचव्याची २.४ पॉइंट. त्याहून बारीक पितळी आणि तांब्याच्या पट्ट्या असतात, पितळी १ पॉइंटची आणि तांब्याची अर्ध्या पॉइंटची.

हे आकडे घेऊन ओळ ‘बसवायची’. ओळ किती घट्ट हवी हे मला एका जुळाऱ्याने बोलून नाही, करून दाखवलं. त्याने स्टिकमधली ओळ पुढे झुकवली आणि हात काढून घेतला. ओळ तशीच तिरकी उभी राहिली, पडली नाही. मग बोटाने परत मागे लोटली, तर अलगद गेली. इतकीच घट्ट. ठोकून बसवलेली ओळ पुढे फर्मा कसताना फुगते आणि सैल ओळ उचलताना गळते. मधला नेमका बिंदू बोटांनाच सापडतो, त्याला साधारण वीसेक ओळी लागतात.

इथे डिझायनरचं खरं शिक्षण होतं. स्क्रीनवर दोन अक्षरं जवळ आणायला आपण एक आकडा उणे करतो. धातूत अक्षर आपल्या बॉडीच्या भिंतीला बांधलेलं असतं. रोमन कॅपिटलमध्ये ‘ए’ आणि ‘व्ही’ शेजारी आले की मधली पोकळी डोळ्यांना खुपते, आणि ती कमी करायची तर खिळ्याचा धातू कापावा लागतो. म्हणून जुने लोक उलटं करत: बाकीच्या अक्षरांमध्ये पितळेच्या, तांब्याच्या, कधी कागदाच्याही बारीक पट्ट्या घालून सगळी ओळ त्या एका पोकळीच्या बरोबरीला आणत. एका सहा अक्षरी शीर्षकावर मी पहिल्यांदा हे करत बसले तेव्हा दुपार संपली. त्या दुपारनंतर मी कुठलाही लोगो संगणकाच्या भरवशावर सोडलेला नाही.

देवनागरीत मात्र ही युक्ती चालत नाही. आपली शिरोरेषा सलग दिसायची तर खिळे एकमेकांना भिडलेले हवेत. मध्ये कागदाची पट्टी घातलीत तरी रेषा तुटते. शिवाय वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार, आणि जोडाक्षरं. त्यामुळे खिळ्यांचे प्रकार रोमनपेक्षा कितीतरी जास्त आणि केसही मोठी. देवनागरी खिळे मिळाले तर जरूर हात घाला, पण सुरुवात मोठ्या आकारापासून करा आणि झिजलेल्या टोकांचे खिळे बाजूला काढा, कारण शिरोरेषेतली फट तिथूनच येते.

जुळणी झाली की गॅलीवर घेऊन दोऱ्याने चारी बाजूंनी बांधायची आणि प्रूफ काढायचं. प्रूफ तुम्ही स्वतः वाचा, मग दुसऱ्याला वाचायला द्या. जुळवणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही.

६. किंवा पॉलिमर प्लेट

तुमचं रेखाटन, हस्ताक्षर किंवा स्वतःचा फाँट छापायचा असेल तर फोटोपॉलिमर प्लेट. संगणकावरच्या फाइलवरून निगेटिव्ह निघते, तिच्यातून अतिनील प्रकाश प्लेटवर पडतो, प्रकाश लागलेला भाग कडक होतो आणि उरलेला पाण्याने धुतला जातो. मागे राहतो तो उठाव. ही प्लेट धातूच्या बेसवर चिकटवून टाइप-हाय करतात. बेसची जाडी प्लेटच्या जाडीवर ठरते, म्हणून आधी बेस कोणता आहे ते विचारा आणि मगच प्लेटची जाडी सांगा. उलट केलंत तर प्लेट वाया जाते.

काही जण याला खरं लेटरप्रेस मानत नाहीत. मला ते पटत नाही. शाई, दाब, कागद आणि यंत्र तेच आहे. फक्त खिळ्यांकडून जागेबद्दल जे शिकायला मिळतं ते इथे मिळत नाही, म्हणून एकदा तरी हाताने जुळवून बघाच.

फाइल करताना:

प्रत्येक रंगाची वेगळी फाइल, आणि त्यात फक्त शंभर टक्के काळा. करडा रंग, सावल्या, ग्रेडियंट काढून टाका. यंत्राला शाई लागली किंवा नाही लागली एवढंच कळतं. फाँटच्या आउटलाइन करून द्या. पाव पॉइंटपेक्षा बारीक रेषा प्लेटवर टिकत नाही, आणि काळ्या पार्श्वभूमीत पांढरी रेषा असेल तर ती अर्ध्या पॉइंटच्या वर ठेवा, कारण शाई दोन्ही काठांनी आत सरकते आणि पोकळी बुजते. रंग कडेपर्यंत न्यायचा असेल तर कागद मोठा घेऊन छपाईनंतर कापावा लागतो.

सगळ्यात मोठा सापळा वेगळाच आहे, आणि त्यात मी पडले होते. माझ्या पहिल्या कार्डावर एक मोठा भरीव आयत होता आणि त्याच्याखाली सहा पॉइंटचा मजकूर, दोन्ही एकाच प्लेटवर. भरीव भागाला भरपूर शाई आणि जास्त दाब लागतो. बारीक मजकुराला दोन्ही कमी. आयत नीट झाकला जाईपर्यंत शाई वाढवली तर मजकुरातली अक्षरं भरून गेली. मजकूर स्वच्छ केला तर आयत ठिपकेदार आला. शेवटी दोन प्लेटा करून दोनदा छापावं लागलं. तेव्हापासून भरीव आकार आणि बारीक अक्षरं एकत्र दिसली की मी आराखड्यातच त्यांना वेगळं करते.

७. कागद

मऊ, जाडसर, कोटिंग नसलेला कागद घ्या. कापसाच्या तंतूंचा असेल तर उत्तम. चकचकीत आर्ट कागदाच्या कडक थरावर ठसा बसत नाही. कार्डासाठी ३०० जीएसएमपासून सुरुवात करा. खोल ठसा हवा असेल तर ६०० जीएसएमपर्यंतचे कागद मिळतात. दोन्ही बाजूंनी छापायचं असेल तर एका बाजूचा खोल ठसा दुसरीकडच्या मजकुरात फुगून येतो, हे आराखडा करतानाच लक्षात ठेवा. घडी पडणार असेल तर ती कागदाच्या तंतूंच्या दिशेने यावी, आडवी आली तर कड फाटल्यासारखी दिसते. आणि हव्या त्या प्रतींपेक्षा कागद बरेच जास्त कापून ठेवा. शंभर कार्डं हवी असतील तर वीसेक कागद नुसते जमवाजमवीत जातात.

८. फर्मा कसणं

सपाट स्टोनवर (फर्मा कसायच्या टेबलावर), आधी तो पुसून, जुळणी ठेवा आणि भोवती चेस. खिळ्यांच्या कडेखाली एक खडा जरी आला तरी ते अक्षर वर उचलतं. मोकळ्या जागेत फर्निचर भरा. चारी बाजूंचे तुकडे एकमेकांच्या टोकाला अडू नयेत, चक्रासारखे एकापुढे एक सरकलेले हवेत, नाहीतर दाब खिळ्यांपर्यंत पोचण्याआधी लाकडं लाकडांनाच भिडतात. क्वॉइन दोन बाजूंना, चावीने बोटाच्या जोराने आवळा. मग प्लेनर खिळ्यांवर ठेवून हातोड्याने हलके ठोके द्या, म्हणजे सगळे पाय स्टोनला टेकतील. त्यानंतर क्वॉइन पूर्ण घट्ट करा. हा क्रम उलटा केलात तर वर राहिलेला खिळा तसाच वर अडकतो.

आता परीक्षा. चेसचा एक कोपरा उचलून खाली चावी सरकवा आणि बोटाने प्रत्येक ओळीवर हलका दाब द्या. एखादा खिळा खाली सरकला तर त्या ओळीत पातळ स्पेस कमी आहे. क्वॉइन आणखी पिळून तो थांबत नाही, ओळच पुन्हा बसवावी लागते. मी एकदा ही पायरी गाळली आणि यंत्राजवळ जाता जाता चार ओळी जमिनीवर गेल्या. त्या निवडून पुन्हा खणांत टाकायला छापण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

९. शाई

तेलाची शाई हवेने वाळून पक्की होते. रबर बेसची शाई यंत्रावर तासन् तास ओली राहते, म्हणून शिकणाऱ्याने तीच घ्यावी. सुरीने काचेवर घोटून मऊ करा आणि यंत्राच्या तबकडीवर वाटाण्याएवढीच लावा. कमीच वाटेल, पण कमीच हवी. रोलर फिरताना आवाज ऐका: रेशमी कापड ओढल्यासारखी बारीक सळसळ असेल तर शाई बरोबर. चटचट, चिकट आवाज आला तर जास्त झाली. वाढवणं सोपं असतं, काढण्यासाठी सगळं धुवावं लागतं.

लेटरप्रेसची शाई बरीचशी पारदर्शक असते. गडद कागदावर फिका रंग छापून तो स्क्रीनसारखा उजळ दिसेल अशी अपेक्षा धरू नका. फिका रंग बनवताना आधी पारदर्शक पांढरा घ्या आणि त्यात रंग थेंबाथेंबाने मिसळा. उलट केलंत तर शाईचा डोंगर होईल.

रोलरची उंची गेजने तपासा. टाइप-हाय गेजवरून रोलर फिरवल्यावर शाईची सुमारे ३ मिलिमीटरची पट्टी उमटावी. रुंद पट्टी म्हणजे रोलर खाली आलेत आणि अक्षरांच्या कडांवर शाई ओघळणार.

१०. मेकरेडी

मेकरेडी म्हणजे ठसा सगळीकडे सारखा येईपर्यंतची तयारी. इथे घाई केली तर सगळं काम दिसायला कच्चं राहतं. प्लेटनवर टिंपनच्या खाली प्रेसबोर्ड आणि काही कागद असतात, तेच पॅकिंग. दाब यंत्राच्या स्क्रूने न वाढवता आधी पॅकिंगच्या कागदांनी वाढवा किंवा कमी करा. सुरुवातीला कमीच ठेवा. पहिला ठसा सरळ टिंपनवर घ्या. त्यावर कागदाच्या कडा कुठे येतील ते मोजून रेषा काढा, आणि कागद टेकवायला पिना लावा: दोन खालच्या बाजूला, एक डाव्या बाजूला. पिना आणि ग्रिपर (कागद धरून ठेवणाऱ्या पट्ट्या) खिळ्यांच्या वाटेत येत नाहीत ना, हे यंत्र हाताने हळू मिटवून बघा. पिन आणि प्लेट भिडली की प्लेट कायमची जाते. टिंपनवरची शाई पुसून घ्या, नाहीतर प्रत्येक कार्डाच्या पाठीवर डाग येतो.

मग एक कागद छापा आणि उलटून तिरक्या प्रकाशात पाठ बघा. काही ठिकाणी ठसा जोरात, काही ठिकाणी नुसता स्पर्श. एकटी रेषा किंवा एकटा पूर्णविराम खोल रुततो, कारण सगळा दाब त्या एवढ्याशा जागेवर येतो. दाट मजकूर तेवढ्याच दाबात फिका पडतो. फिक्या भागाच्या आकाराचा टिश्यू कापून टिंपनखालच्या कागदावर नेमक्या जागी चिकटवा. जिथे जास्त रुततंय तिथला पॅकिंगचा कागद कापून काढा. एक टिश्यू, एक ठसा, परत बघा. जुन्या छापखान्यांत यात तास जात, आणि तुमचेही जातील.

ठसा किती खोल हवा? पूर्वीच्या मुद्रकांच्या लेखी उत्तम काम म्हणजे अक्षर कागदाला जेमतेम टेकावं, मागे काही कळू नये. आजच्या ग्राहकाला खोल ठसा हवा असतो, कारण तोच बोटाला जाणवतो. दोन्हींत सौंदर्य आहे. नियम एकच पाळा: खोल ठसा पॉलिमर प्लेटवरच. शिसं, अँटिमनी आणि कथिल यांच्या मिश्रधातूचे खिळे जाड कागदात जोराने रुतवले की सेरिफ गोल होतात, बारीक टोकं चेपतात. आणि तो टाइप आज पुन्हा ओतून मिळेल याची खात्री नसते.

११. छापणं

प्लेटनवर काम करताना लांब बाह्या, ओढणी, सैल केस, अंगठ्या नकोत. उजव्या हाताने कागद लावायचा, डाव्या हाताने छापलेला काढायचा, आणि लय यंत्राची. कागद वाकडा गेला तर त्याच्यामागे हात जाऊ देऊ नका. थ्रो-ऑफचा दांडा ओढा, म्हणजे यंत्र फिरत राहतं पण ठसा पडत नाही, आणि तो कागद वाया गेला असं समजा. पहिले काही तास पायाने किंवा हाताने, सगळ्यात कमी वेगात. कुणी बोलायला आलं तर यंत्र थांबवून बोला.

दर दहा-पंधरा प्रतींनी एक प्रत पहिल्या चांगल्या प्रतीशेजारी धरून बघा. शाई हळूहळू फिकी होते आणि सलग छापताना डोळ्यांना ते कळत नाही. छापलेली कार्डं छोट्या गठ्ठ्यांत ठेवा. उंच ढीग केला तर खालच्यांची शाई वरच्यांच्या पाठीला लागते. कापायच्या आधी किमान एक रात्र वाळू द्या.

१२. धुणं आणि खिळे परत टाकणं

तबकडी, रोलर, फर्मा, या क्रमाने. रोलर तबकडीवर टेकवून ठेवू नका, त्यांना सपाट बाजू पडते. पॉलिमर प्लेटला पाणी लावू नका, ती फुगते. चिंधीवर थोडं स्पिरिट घेऊन पुसा आणि हवाबंद पिशवीत, उजेडापासून दूर ठेवा.

शिशाची भीती बाळगण्यापेक्षा शिस्त बाळगा. खिळे हाताळताना काही खाऊ-पिऊ नका, नंतर हात साबणाने धुवा, लहान मुलांना दूर ठेवा. जुन्या खिळ्यांवर पांढरी भुकटी दिसली तर ती फुंकू किंवा झाडू नका. ते शिशाचे क्षार असतात आणि श्वासातून जातात.

मग खिळे परत खणांत. एकेक शब्द बोटांत धरून, वाचून, अक्षरागणिक योग्य खणात सोडायचा. लोक हे काम टाळतात आणि पुढच्या जुळणीत ‘ग’च्या खणातून ‘म’ निघतो. स्पेस सुद्धा जाडीनुसार निवडून टाका. अर्ध्या पॉइंटची तांब्याची पट्टी पितळेच्या खणात गेली तर पुढची ओळ बसणार नाही, आणि कारण शोधायला फार वेळ जाईल.

निघण्यापूर्वी एका चांगल्या प्रतीच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवा: कागद कोणता, शाईत काय काय आणि किती मिसळलं, पॅकिंगचे कागद किती, टिश्यू कुठे लावला, यंत्र कोणतं. सहा महिन्यांनी तेच कार्ड पुन्हा छापायची वेळ आली तर सगळ्यात आधी हीच प्रत शोधाल.